साडेसत्त्याऐंशी रुपयांची चित्रं आणि आपली रसायनी

मंडळी, आज जरा जुना हिशेब काढतोय.

१९५६ साली एअर इंडियाने बी. प्रभा यांची सहा चित्रं विकत घेतली, प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना. नागपूरजवळच्या बेल्याची ही मुलगी तेव्हा फारशी कुणाला माहीत नव्हती. कंपनी सरकारी, ऑफिसच्या भिंतींना चित्रं हवी होती, घेतली. मग सवयच लागली. हुसेन आले, गायतोंडे आले. कधी पैशांऐवजी चित्रकाराला विमानाचं तिकीट दिलं! २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, पण संग्रह सरकारने स्वतःकडे ठेवला. २०२३ मध्ये चार हजारांहून जास्त कलाकृती राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. विमानं गेली, चित्रं जनतेची राहिली.

हे वाचताना मला सारखी आपली एचओसी आठवत होती. तीही सरकारी, १९६० ची. २०१७ मध्ये केंद्राने इथले प्लांट बंद करायचं ठरवलं. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला, रॉकेटच्या इंधनासाठी लागणारा एक प्लांट इस्रोला. सगळ्याचा हिशेब झाला. पण शिफ्ट सुटल्यावरचा रस्ता, चिमण्या, पाताळगंगेचं पाणी, हे कुणी ना कुणी रंगवलं असेलच की. ते बघायला आपण जायचं कुठे?

मुंबईला, असं कुणी म्हणेल. तर मुंबईचंही ऐका. प्रभाकर बरवे आपल्याच जिल्ह्यातले, अलिबागजवळच्या नागावचे. ते गेले १९९५ ला, आणि राष्ट्रीय संग्रहालयाचं मुंबईतलं दालन उघडलं १९९६ ला. तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं २०१९ मध्ये. उद्घाटनात अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि मुंबई-बंगळुरूच्या स्थानिक सल्लागार समित्या बंद केल्याचा विषय त्यांनी काढला. बहुतेक जागा संग्रहालाच दिली तर बाकी कलाकारांनी जायचं कुठे, हाही त्यांचा प्रश्न होता. त्यांना मध्येच अडवलं गेलं. व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

मला स्वतःला कायमचा संग्रह हवाच वाटतो. प्रदर्शन महिन्याभरात उतरतं. पोरगं दहावीत असताना पाहिलेलं चित्र त्याला तिशीत परत पाहता आलं पाहिजे. पण काय घ्यायचं हे दिल्लीत ठरणार असेल तर नागाव किंवा मोहोपाडा तिथल्या कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून म्हणतो, जिल्ह्याचा संग्रह जिल्ह्यातच सुरू करा. बिल्डिंग नंतर बघू. आधी एक कोरडी, कुलपाची खोली आणि दरवर्षी ठरलेली छोटी रक्कम. पाताळगंगा एमआयडीसीतल्या ज्या कंपन्या कायद्याच्या निकषांत बसतात त्यांना सीएसआर खर्च करावाच लागतो, आणि त्या कायद्याच्या यादीत कला-संस्कृती आहे. घ्यायचं ते आज काम करणाऱ्यांचं, नाव व्हायच्या आधी. नाव झाल्यावर ते आपल्या खिशाला परवडणार नाही. बरवेंचं चित्र घ्यायला आता जिल्हा परिषदेने कुठून पैसे आणायचे?

आणि रजिस्टर! २०१७ मध्येच जतिन दास यांचं एअर इंडियाच्या मालकीचं चित्र बाहेर बाजारात विक्रीला आल्याचं खुद्द चित्रकाराला कळलं. तेव्हा बोभाटा झाला आणि ते परत आलं. प्रत्येक चित्राला नंबर, फोटो आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मोजणी, ही अट मी पहिल्या दिवशीच घालीन.

'आधी खड्डे बुजवा' हे उत्तर येणार, माहितीय. खड्डे बुजवाच. त्यासाठी चित्रांचे पैसे थांबलेले नाहीत, कारण ते कुठल्या बजेटमध्ये आजवर आलेच नाहीत.

समितीत दोन शाळांचे चित्रकला शिक्षक, एक-दोन चित्रकार आणि एचओसीतून रिटायर झालेलं कुणीतरी असावं. दर तीन वर्षांनी बदलावी. पुढाऱ्यांनी उद्घाटनाला जरूर यावं, निवड करायला नको. खोलीसाठी जागा कुणाला सुचत असेल तर सांगा, शनिवारी बघून येऊ.