बोर्डावरचा एक शब्द

गेल्या उन्हाळ्यात आमचे शाळेतले सर दुकानात आले. रिक्षातून उतरताना त्यांनी सीपीयू दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मी पुढे होऊन तो घेतला, टेबलावर ठेवला आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "अगं, यात त्र्याण्णव व्हायरस आहेत. त्या माणसाने काढले होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले."

"कुठला माणूस, सर?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सर संगणकावर पेपर वाचत होते. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट आली, तुमच्या संगणकाला धोका आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. सरांनी केला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. त्याने सरांकडून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि माउस आपोआप फिरू लागला. त्याने ब्राउझरच्या सेटिंगमधली एक लांबलचक यादी उघडली, ही सगळी घुसखोरी आहे असं सांगितलं, साडेचार हजार रुपये घेतले आणि यादी पुसली. सरांनी दुसऱ्या दिवशी चिकाटीने तीच यादी पुन्हा शोधून काढली, तर तिथे नावं परत हजर.

मी सीपीयू जोडून यादी पाहिली. त्यांच्या पेपरचं नाव होतं, रेल्वेच्या तिकिटांचं होतं, बँकेचं होतं, आणि उरलेली बहुतेक जाहिरात कंपन्यांची. "सर, हे व्हायरस नाहीत. या कुकी आहेत. तुम्हाला फसवलंय."

सर काही वेळ बोलले नाहीत. मग दाराबाहेर बोट करून म्हणाले, "पण तुझ्या बोर्डावर तेच लिहिलंय ना. मला वाटलं, आपली पोरगी लिहिते म्हणजे खरंच असणार."

तो फ्लेक्स मी २०११ साली बार्शीत दुकान उघडलं तेव्हाचा. 'व्हायरस, स्पायवेअर, कुकीज काढून मिळतील.' दिवसातून दहा वेळा त्याच्याखालून ये-जा करूनही मी तो कित्येक वर्षांत वाचला नव्हता.

मी हे काम सोलापुरात एका दुकानात शिकले. एक्सपीचे दिवस होते. कुणाचा संगणक मंद झाला की आम्ही एक सॉफ्टवेअर चालवायचो, पंधरा-वीस मिनिटांनी लाल आकडा यायचा, शंभर धोके, दीडशे धोके. तो आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा, बटण दाबायचं, शून्य झालं की दोनशे रुपये घ्यायचे. त्या यादीत नव्वद टक्के 'ट्रॅकिंग कुकी' असत हे मी रोज पाहत होते. ती सॉफ्टवेअरंच कुकीला धोक्यांत मोजत, आणि शिकवणाऱ्यांनीही मला तसंच शिकवलं होतं. मी कुणाला जाणूनबुजून फसवलं नाही. पण पैसे घेतले, आणि लोकांच्या मनात एक चुकीची भीती बसवून त्यांना घरी पाठवलं.

स्वतःचं दुकान झाल्यावर एक गिऱ्हाईक चार दिवसांत दोनदा आलं. इंटरनेटवर बातम्यांशिवाय काही पाहत नाही म्हणे, मग हे येतं कुठून? मला उत्तर देता येईना. त्या वेळी इंटरनेट एक्सप्लोरर कुकी सुट्या मजकूर-फाइलींमध्ये ठेवायचा. रात्री शटर अर्धं ओढून मी त्यातली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एक नाव, त्याखाली अक्षरं-आकड्यांची लांब माळ, साइटचा पत्ता, मुदतीचे काही आकडे आणि शेवटी एक फुली. एवढंच. तिच्यात चालवण्यासारखं काहीच नव्हतं. व्हायरस म्हणजे प्रोग्राम, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञा. ही नुसती चिठ्ठी होती. मी आणखी दहा-बारा फाइली उघडल्या. सगळ्या तशाच.

त्या रात्रीपासून कुकी पुसण्याचे पैसे घेणं मी बंद केलं. बोर्ड मात्र तसाच राहिला.

सरांना मी चप्पल स्टँडचं उदाहरण दिलं, कारण ते दरवर्षी पंढरपूरला जातात. आपण चपला देतो, स्टँडवाला नंबराचा बिल्ला देतो. हजारो माणसांत त्याला आपला चेहरा लक्षात राहणं शक्य नाही. परत येऊन बिल्ला दाखवला की आपल्याच चपला आपल्या हातात पडतात. वेबचंही मुळात तसंच आहे. ब्राउझरने एक पान मागितलं, साइटने दिलं, की दोघांचा संबंध तिथेच संपतो. पुढचं पान मागणारा तोच माणूस आहे हे साइटला कळायला मार्ग नसतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने त्यावर हा तोडगा काढला. साइटने एक छोटी खूण द्यायची, ब्राउझरने ती जपायची आणि पुढच्या वेळी त्याच साइटला परत दाखवायची. युनिक्सवर काम करणारे लोक अशा खुणेला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यातलं कुकी तेवढं उरलं. एका कुकीला जागाही साधारण चार किलोबाइटची. तिकीट काढताना गाडी निवडून आपण पुढच्या पानावर जातो आणि तिथे आपलीच गाडी दिसते, ती असल्या खुणेमुळे.

"मग जाहिरात कंपन्यांचे बिल्ले माझ्याकडे कशाला?" सरांनी विचारलं. वर्गात आम्ही प्रश्न विचारावेत म्हणून झटणारा माणूस, त्यांच्याकडून हा प्रश्न येणारच होता.

इथे मी कुकीची बाजू घेतली नाही. पेपरच्या पानावर बातमी पेपरची असते, पण जाहिरातीची चौकट दुसऱ्याच कंपनीकडून येते, आणि तीही आपला बिल्ला देऊन जाते. तीच कंपनी औषधांच्या साइटवर असते, कपड्यांच्या साइटवर असते. सगळीकडे तिला तोच बिल्ला दिसतो, आणि आपण कुठे कुठे फिरलो याची नोंद तिच्याकडे जमते. सरांनी एकदा गुडघ्याचा पट्टा शोधला होता आणि महिनाभर प्रत्येक पानावर त्यांना पट्टेच दिसत होते. ही पाळत आहे, आणि मला ती मुळीच मान्य नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत फायनान्शियल टाइम्सने लिहिलं तेव्हा कुठे सामान्य लोकांना कुकी नावाची वस्तू आपल्या संगणकात आहे हे समजलं. तोवर कुणी विचारलंही नव्हतं. आता युरोपातल्या कायद्यांमुळे साइट परवानगीची पट्टी दाखवतात. सफारीने २०२० पासून अशा परक्या कुकी सरसकट अडवल्या. क्रोममधूनही त्या काढून टाकू असं गूगलने त्याच वर्षी जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये माघार घेतली. म्हणून क्रोममध्ये ती सेटिंग आपणच बदलायची. सरांची मी तिथल्या तिथे बदलली आणि ती कुठे असते हे त्यांच्या वहीत लिहून दिलं.

पण पाळत वेगळी आणि रोग वेगळा. पेनड्राइव्हमधून येणारा तो शॉर्टकट व्हायरस आठवतो? मुलांच्या प्रोजेक्टचे फोल्डर तो लपवायचा, त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करायचा, आणि त्यावर क्लिक केलं की स्वतःच्या प्रती पसरवायचा. २०१७ च्या मे महिन्यातल्या वॉनाक्रायने तर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. कुकीला यातलं काहीच करता येत नाही. ती फाइल उघडत नाही, पुसत नाही, दुसऱ्या संगणकात उडी मारत नाही.

सरांच्या संगणकात खरा धोका दोन ठिकाणी होता. एक, त्या माणसाने बसवलेलं दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर अजून तसंच होतं. दुसरं, कुठल्याशा साइटला सरांनी सूचना पाठवायची परवानगी दिली होती, आणि ती लाल चौकट तिथून येत होती. ती नुसती सूचना होती, व्हायरसही नव्हे आणि कुकीही नव्हे. सॉफ्टवेअर काढलं, परवानगी काढली, संगणक तपासला. बँकेचा पासवर्ड माझ्यासमोर त्यांच्या फोनवरून बदलून घेतला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. दोन दिवस उलटून गेले होते. पैसे परत मिळाले नाहीत.

त्याच आठवड्यात मी फ्लेक्स उतरवला. नव्यावर ठळक अक्षरांत लिहायचं ठरवलं होतं, 'कुकी म्हणजे व्हायरस नव्हे.' मजकूर फ्लेक्सवाल्याकडे देणार, तोच आमच्या गल्लीतला लग्नाचे फोटो काढणारा मुलगा धावत आला.

"ताई, माझं चॅनल गेलं. पासवर्ड कुणाला दिला नाही, ओटीपीसुद्धा आला नाही."

"अरे, काय उतरवलंस नवीन?"

व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर, क्रॅक केलेलं, फुकट. बसवताना अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना होती, आणि त्याने तो बंद केला. त्या क्रॅकमध्ये माहिती चोरणारा प्रोग्राम होता. त्याने ब्राउझरमध्ये जपलेल्या कुकी उचलून नेल्या. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलो की साइट जो बिल्ला देते, तोच पुढे किल्लीचं काम करतो. म्हणून तर रोज पासवर्ड द्यावा लागत नाही. चोराने तो बिल्ला आपल्या ब्राउझरमध्ये लावला. साइटला वाटलं, हा तोच मुलगा, मग ओटीपी कशाला मागेल?

चोरी मालवेअरने केली, पण चोरीचा माल कुकीच होता. हे मी सरांना सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच डोक्यात ते इतकं स्पष्ट नव्हतं. आम्ही आधी त्याचा संगणक नेटवरून काढला. मग माझ्या संगणकावरून त्याचं ईमेल उघडून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं, म्हणजे जुने बिल्ले रद्द झाले, आणि नवा पासवर्ड ठेवला. त्याचा संगणक फॉरमॅट करताना तो दाराशी उभा होता. चॅनल सोळा दिवसांनी परत मिळालं. काही व्हिडिओ गेले ते गेलेच.

फ्लेक्सवर आता फक्त 'संगणक दुरुस्ती, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म' एवढंच आहे. कुकीबद्दल जे सांगायचं ते एका ओळीत मावत नाही, म्हणून टेबलासमोर एक जास्तीची खुर्ची आणून ठेवली. आषाढीनंतर सर प्रसाद घेऊन आले, तिथेच बसले आणि वही उघडून म्हणाले, "त्या मुलाचं झालं ते मला पहिल्यापासून सांग. लॉगआउट केल्यावर बिल्ला रद्द कसा होतो, तिथं माझं अडलंय."