आजोबांची बारा बोअर

गेल्या वर्षी मृग लागायच्या सुमारास माझ्या धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला. तो अमेरिकेत मोंटाना राज्यात बोझमनला असतो, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये. "दादा, अस्वलासाठी कुठलं कॅलिबर चांगलं?" एवढंच विचारलं होतं. मी बेंगळुरूत सिग्नलला अडकलेलो. आधी वाटलं, चुकून आला असेल.

चुकून नव्हता. ऑफिसातली मंडळी त्याला ऑक्टोबरच्या शेवटी एल्कच्या शिकारीला नेणार होती. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा. ते रान यलोस्टोनच्या बाजूचं, म्हणजे तिथे ग्रिझली अस्वलं असतात. शिकारही साधावी आणि वेळ आली तर अस्वलापासून जीवही वाचावा, अशी एकच रायफल त्याला हवी होती. मला विचारायचं कारण इतकंच, की आमच्या घरात बंदूक होती आणि आजोबांच्या शेजारी माळ्यावर जागलीला बसलेला शेवटचा नातू मी.

आमचं गाव भालकी तालुक्यात, मांजरेच्या बाजूला. भालकी म्हणजे भालूंचं गाव अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात आमच्या शिवारात मी अस्वल पाहिलं ते एकदाच, दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. आजीने सव्वा रुपया देऊन त्याचा एक केस घेतला आणि ताईतात घालून माझ्या गळ्यात बांधला. मी रात्री दचकून उठायचो म्हणून. दरवेशी मग यायचे बंद झाले. नाचणाऱ्या अस्वलांपैकी शेवटचं २००९ साली सोडवलं गेलं आणि बेंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याच्या केंद्रात आलं. तेव्हा मी कलबुर्गीच्या पीडीए कॉलेजात बीई करत होतो. बातमी वाचून गळ्याशी हात गेला होता.

असो. प्रश्न तांत्रिक होता आणि मी इंजिनिअर. त्याच रात्री एक्सेल उघडलं.

तरुण वाचकांपैकी बहुतेकांनी हे शब्द फक्त गेममध्ये ऐकले असतील, म्हणून थोडं सांगतो. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचाच्या भागांत मोजलेला. 'थर्टी-ऑट-सिक्स'मधला थर्टी म्हणजे ०.३० इंच आणि सहा म्हणजे १९०६, ते काडतूस अमेरिकी सैन्यात आलं ते साल. छऱ्याच्या बंदुकीचा हिशोब याच्या उलटा. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले आणि त्यातला एक ज्या नळीत नेमका बसतो ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा बारीक. कॉलेजात मला यावर कुणी प्रश्न विचारला नाही याची खंत आहे.

टेबल छान झालं. थ्री-नॉट-एट, साधारण ३,५०० ज्यूल. थर्टी-ऑट-सिक्स, ३,८००च्या आसपास. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह, साडेपाच हजारांच्या वर, पण खांद्याला धक्का असा की नवखा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. एल्कला थर्टी-ऑट-सिक्स भरपूर झाली. अस्वल मात्र ताशी पन्नास किलोमीटरच्या वर धावतं. पन्नास मीटरवर दिसलं तर हातात चार सेकंदही नाहीत. एवढ्या वेळात खांद्यावरची रायफल काढून नेम धरून मारणं हे त्या टेबलातल्या कुठल्याच रकान्यात बसेना.

मग मी अलास्कातले अभ्यास शोधले. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ साली अस्वलाच्या फवाऱ्याच्या ८३ घटना तपासल्या. डब्यातला मिरचीचा अर्क, बाकी काही नाही. तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा थांबली, आणि फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना काही इजा झाली नाही. २०१२ साली त्यांनीच बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. बंदूक जवळ असून ज्यांनी चालवली आणि ज्यांनी चालवली नाही, त्यांच्या इजेत फरक सापडला नाही. दोन्ही प्रकारच्या घटना एकसारख्या नव्हत्या, तेव्हा आकडे समोरासमोर ठेवू नयेत हे मलाही कळतं. तरी आपल्या आज्या मिरची जाळून दृष्ट काढायच्या ते आठवून हसू आलं.

आपल्याकडचं अस्वल वेगळं. वाळवी, मध, मोहाची फुलं खाणारं, नजरेने अधू. ते माणसाला शोधत येत नाही, पण अचानक समोरासमोर आलं तर घाबरून थेट तोंडावर झेपावतं. बुलढाणा, गडचिरोलीकडच्या लोकांना हे सांगायला नको. हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात मनोऱ्यावरून ती निवांत पाहता येतात, पोरांना घेऊन जरूर जा. बेंगळुरूत राहणाऱ्या केनेथ अँडरसनने अर्सिकेरेकडच्या, डझनभर माणसं मारलेल्या एका अस्वलाची गोष्ट लिहिली आहे. त्याच्याकडे फोर-नॉट-फाइव्ह विंचेस्टर होती. तरी त्याला पुन्हा पुन्हा जावं लागलं.

टेबल भावाला पाठवणार तेवढ्यात मी थांबलो. कारण त्या दिवसांत माझ्यापुढेही बंदुकीचाच प्रश्न होता आणि तो मी वर्षभर ढकलत होतो.

अप्पा गेले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा केलेली. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो. बटईदाराचा फोन दर आठवड्याला. "दादा, बंदूक आणा की घरी. डुकरं ऐकनात." आदल्या हंगामात अर्ध्याहून जास्त सोयाबीन रानडुकरांनी लोळवलं होतं. त्याचा निम्मा हिस्सा म्हणजे त्याच्या मुलीची कॉलेजची फी. माझा निम्मा हिस्सा म्हणजे, खरं सांगायचं तर, काहीच नाही.

ही बंदूक घरात आली त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. आजोबांना खरं तर रायफल हवी होती, ऑर्डनन्स फॅक्टरीची ३१५ बोअर. इंग्रजांनी सैन्याची काडतुसं सामान्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून थ्री-नॉट-थ्रीला खासगी वापरात बंदी घातली होती. ३१५ ही त्या बंदीबाहेरची, आठ मिलिमीटरची. एका स्नेह्यांकडे ती होती आणि आजोबांचा जीव तिच्यात अडकला. अर्ज केला, नामंजूर झाला. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी, आणि तीही गुळगुळीत नळीची. म्हणजे शेतकऱ्याचं कॅलिबर दिल्लीतच ठरलेलं. शेवटी एकनळी बारा बोअर मिळाली. आजोबा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, "आपल्याला फटाका दिला सरकारने."

१९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तर डुकरावरही परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. बार हवेत काढायचा, आवाज करायचा, बस्स. आजोबा ते पाळायचे. एक रात्र सोडून.

मी पहिलीत होतो. तुरीत सलग तीन रात्री डुकरं शिरली होती. चौथ्या रात्री मी माळ्यावर आजोबांच्या घोंगडीत. खालच्या अंगाला तूर सळसळली. आजोबांनी बॅटरी लावली नाही, उजेड पाहून डुकरं पळतात म्हणून. त्यांनी अंदाजाने नळी खाली केली आणि बार काढला.

ओरडला तो माणूस होता. बांधाला बांध असलेले शेजारी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांची म्हैस सुटली होती, ती शोधत ते आमच्या तुरीतून येत होते. साठ-एक पावलांवर. छरे पायांत बसले. डुकरासाठी आजोबा एरवी मोठ्या छऱ्याची एलजी काडतुसं ठेवायचे. ती संपली होती आणि त्या रात्री नळीत बारीक छरा होता. आजोबांनी बंदूक माळ्यावरच टाकली, अण्णांना पाठीवर घेतलं आणि मला म्हणाले, "पुढं पळ, अप्पाला उठव." अंधारात तुरीतून एकटा पळालो तेवढं मला लख्ख आठवतं. रडलो की नाही ते आठवत नाही.

अण्णा वाचले. महिनाभर लंगडले. त्यानंतर आजोबांनी त्या बंदुकीत काडतूस घातलं नाही. फटाका दिला, हेही पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

त्या रात्री एक्सेल उघडं ठेवून मी हाच हिशोब करत बसलो. बारीक छरा दोन-अडीचशे मीटरवर निजतो. ३१५ची गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आमचा सगळा माळ सपाट, मध्ये डोंगर नाही, आणि दोन किलोमीटरवर पुढचं गाव. अर्ज मंजूर झाला असता तर त्या रात्री नळीत काय असतं, आणि ते अण्णांच्या पायात थांबलं असतं का?

भावाला मी टेबल पाठवलंच, पण वर लिहिलं, 'थर्टी-ऑट-सिक्स घे, फवारा कमरेला लाव, खांद्यावरच्या सॅकमध्ये नको. आणि तुला अण्णांची गोष्ट माहीत आहे का?' त्याला माहीत नव्हती. आमच्या घरात ती कुणी सांगत नाही. तासभर बोललो. तो म्हणाला, १९८५नंतर जन्मलेल्याला तिथे शिकारीच्या परवान्याआधी एक अभ्यासक्रम करावा लागतो आणि तोही तो करतोय. निशाणा काय आहे आणि निशाण्याच्या मागे काय आहे हे कळल्याखेरीज चापावर बोट न्यायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. (अमेरिकेतल्या भावंडांसाठी जाता जाता: तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक बाळगणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला मोठा अपवाद. याचं ग्रीन कार्ड झालंय, तुमचं पाहून घ्या.)

माझा प्रश्न तसाच राहिला. आधी चिंचोळीच्या मामांना फोन केला. कलबुर्गी जिल्ह्यातलं त्यांचं रान २०११ साली जाहीर झालेल्या चिंचोळी अभयारण्याच्या शेजारी येतं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत बंदूक असेल तर वनखात्याकडेही नोंद लागते. त्यांनी ती केली आहे. मामा म्हणाले, "निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची. तेलपाणी मी करतो, पावत्या मामी सांभाळते. डुकरांना यातलं काही ठाऊक नाही."

मग गावी गेलो आणि अण्णांकडे गेलो. आता ऐंशीच्या पुढचे आहेत. ओट्यावर बसून त्यांनी धोतर वर केलं आणि नडगीवर माझं बोट धरून फिरवलं. कातडीखाली तीन दाणे अजून हातांना लागतात. "डॉक्टर काढतो म्हणला. म्हटलं राहू दे, तुझ्या आज्याची आठवण आहे." मी विचारलं, बंदूक नावावर करून घेऊ का. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"आण की, तम्मा. घराण्याची वस्तू आहे. फक्त काडतुसं आणू नको."

बंदूक माझ्या नावावर आली तरी मी बेंगळुरूत. बटईदाराने ती चालवायची तर मला जे त्या रात्री कळलं ते त्याच्या पोराला कळायची वेळ यायची. आणि न चालवता कपाटात ठेवायची तर दर पाच वर्षांनी फाइल घेऊन बिदरला कशाला जायचं? मी अर्ज केला नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक देऊन टाकली. आलेल्या पैशांत बरीच भर घालून चार एकरांभोवती सौरकुंपण ओढलं, ज्याला आमच्याकडे सगळे झटका मशीन म्हणतात. थेट विजेची तार सोडणारेही आहेत, त्याने माणसं मरतात. याचा झटका बसतो आणि सुटतो. बटईदाराने पहिल्या दिवशी स्वतः हात लावून पाहिला आणि मला कन्नडमध्ये एक शिवी दिली. डुकरं पूर्ण थांबली असं नाही. ओढ्याच्या बाजूने तार वर उचलली जाते तिथून दोनदा शिरली. तरी या वेळी पोती बऱ्यापैकी झाली.

आईला मात्र हे पटलं नाही. बंदुकीने तिचं काही वाईट केलं नव्हतं. दर खंडेनवमीला ती देवासमोर पाटावर ठेवून आई हळदकुंकू वाहायची, नळीला झेंडूची माळ घालायची. "पूजा कशाची करू आता?" तिने फोनवर विचारलं. मी म्हटलं, कोयता आहे, खुरपी आहेत, माझा लॅपटॉप आहे.

नवमीला गावी पोचलो तर पाटावर कोयता, खुरपी, अप्पांची बॅटरी आणि तिच्या शेजारी कुंपणाचा तो पिवळा डबा. डब्यावर कुंकवाचं बोट. बटईदार दाराशी चुळबुळत उभा, कारण दिवस मावळायला आला होता आणि डबा परत शेतात जोडायचा होता. आईची आरती संपेना.

भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर पहाटे आलं. पुढच्या शनिवारी निघणार होता. रायफल घेतली होती, फवाऱ्याचे दोन डबे घेतले होते. खाली एक प्रश्न होता, आजोबांनी त्या रात्री बॅटरी का लावली नाही?