आतड्याचे नाते

फिलेमोनला लिहिलेले संत पौलाचे पत्र अवघ्या २५ ओव्यांचे. अनेसिम हा फिलेमोनचा दास. कारागृहातून त्याला धन्याकडे परत धाडताना, हा म्हणजे माझे हृदयच, असे पौल लिहितो, असे आम्ही भाषांतरात वाचत होतो. मूळ ग्रीक शब्द पाहिला आणि थबकलो. तो आहे 'स्प्लांख्ना', म्हणजे आतडी! एवढ्याशा पत्रात तो तीनदा येतो. सातव्या ओवीत, फिलेमोनने पवित्र जनांची आतडी निवविली म्हणून पौल आनंदतो. विसाव्या ओवीत, आता माझीही निवव, असे विनवतो. मधल्या बाराव्या ओवीत ती आतडी म्हणजे प्रत्यक्ष अनेसिम! दासाला जे वागविणे, तेच पौलाला पोहोचणार.

मराठीला हा शब्द परका नाही. लेकरासाठी आईचे आतडे तुटते. रक्ताच्या ओढीला आपण आतड्याची माया म्हणतो. पौलाने ती माया रक्ताच्या नात्याबाहेर, एका दासापर्यंत नेली. ज्या ख्रिस्ती घरात धुणेभांडी करणाऱ्या बाईचा कप अजून वेगळा ठेवला जातो, त्या घराच्या पत्त्यावरही हे पत्र आलेले आहे, असे आम्हांस वाटते.