वेगळा खिळा

आमच्या घरात अण्णांचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर असे. तो खिळा मी सातवीत असताना माझ्या हातांनी ठोकला होता.

अण्णा जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलवर वॉचमन आहेत. आपल्या गावच्या लोखंडी सळया दूरदूर जातात. पण मिलच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढे माजते. ते उपटण्याचे कामही अण्णांकडेच. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मानेला, पापण्यांना, कोपरांच्या लवणीत खाज सुटली. कातडी जाड झाली, काळवंडली, भेगाळली. कुणी गजकर्ण म्हटले, कुणी त्याहून वाईट नाव घेतले. दुकानातून आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! रात्री खाजवण्याचा आवाज येई आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेई.

प्रवेशाच्या दिवशी अण्णा उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले आणि फाटकाशीच थांबले. म्हणाले, "तू जा. मी हितंच बराय." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अण्णा आत आले नाहीत, याचे मला तेव्हा बरेच वाटले. आज ते लिहिताना हात जड होतो.

गेल्या वर्षी त्वचेच्या एका डॉक्टरांनी प्रथमच विचारले, "काम काय करता?" उत्तर ऐकून ते म्हणाले, "हा इसब आहे, गाजरगवताचा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

मग मी ग्रंथालयात शोधले. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम आढळले आणि देशभर पसरले. आज ते ऑस्ट्रेलियात आहे, इथिओपियातही आहे. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य वाळक्या गवताच्या धुळीबरोबर अंगावर बसते. त्वचेला एकदा त्याचे वावडे जडले की सहसा सुटत नाही. १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांनी या रोगावर लिहून ठेवले आहे. म्हणजे माझ्या जन्माआधीच हे सारे माहीत होते. फक्त आमच्या गल्लीपर्यंत पोचले नव्हते.

अण्णांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तुला लागनार नाही ना?"

नोकरी सोडणे परवडणारे नाही. आता गवत फुलावर येण्याआधीच, रविवारी हातमोजे घालून मी उपटतो. अण्णा लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला बसतात. टॉवेल एकाच खिळ्यावर आहेत. दुसरा खिळा मी काढला. भिंतीतले भोक मात्र अजून दिसते.