भिंतीपलीकडची हाक

आम्हा ख्रिस्ती माणसांत 'पाचारण' हा शब्द मोठा भारदस्त. तो उच्चारला की डोळ्यांपुढे जळते झुडूप येते आणि त्यापुढे, मला नीट बोलता येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी धाड, असे विनवणारा मोशे उभा राहतो. माझे वडील पाळक होते. मीही त्याच वाटेने जावे ही त्यांची इच्छा. पण मी मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, पुढे कादंबऱ्याही लिहू लागलो. त्यांनी विचारलेच तर, "मला बुवा हाक ऐकू आली नाही," असे ऐटीत सांगत असे.

नवीन पनवेलला आमच्या बिऱ्हाडाच्या भिंतीपलीकडे नाना राहतात. एकटे, वारकरी, आणि जिभेने तिखट. या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. रात्री काही लागले की काठीने भिंत ठोकायची. किल्ली माझ्याकडे होतीच. पाणी द्या, खिडकी लावा, उशी सरकवा. पहिले आठ दिवस मी धावलो. मग पाय जड होऊ लागले.

एका रात्री मी याच दिवाळी अंकासाठी गोष्ट लिहीत बसलो होतो. विषय भूतदयेचा! बाहेर मुसळधार पाऊस. इतक्यात भिंतीवर ठक ठक ठक. 'पत्रा वाजत असेल,' असे मी स्वतःलाच सांगितले आणि वाक्य पुरे केले. पुन्हा ठक ठक. मग काही नाही.

सकाळी दूधवाल्याने आरडाओरडा केला. दार उघडून पाहतो तो नाना खाटेशेजारी फरशीवर, तांब्या उपडा, धोतर भिजलेले. हाड मोडले नव्हते, एवढेच नशीब. मी उचलायला वाकलो, तर म्हणतात, "मास्तर, रात्री तुमची झोप मोडली का हो?"

तो प्रश्न आठवडाभर पाठ सोडीना. मन रमवायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली वर्षे त्या रडल्या, भांडल्या. नगरला नवऱ्यापाशी राहू लागल्या तरी सोवळे सुटले नव्हते. पण त्यांचा नकार खणखणीत होता आणि पुढचा होकारही तसाच. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले.

मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलांचा दाखला आहे. एक बापाला तोंडावर 'जात नाही' म्हणतो आणि मागाहून पस्तावून मळ्यात जातो. दुसरा 'जातो' म्हणतो आणि जात नाही. या दोघांतही मला माझी जागा सापडेना. मी तर ऐकलेच नाही असे सोंग केले होते. आणि वडिलांनाही मी जन्मभर हेच उत्तर दिले होते!

त्या रात्री नानांकडे जाऊन सारे सांगून टाकले. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ठाऊक होतं मला. तुमची खुर्ची वाजली होती की!"

आता लिहायला बसण्यापूर्वी मीच भिंत ठोकतो. पलीकडून काठी ओ देते. एखाद्या दिवशी फार कंटाळा येतो, तोही मी बोलून दाखवतो. नाना म्हणतात, "कंटाळा घेऊनच या, पण चहाचं आधण ठेवा."

भूतदयेची ती गोष्ट मात्र अपुरीच राहिली. संपादकांना तिच्याऐवजी हेच पाठवतो आहे.