रेशनच्या पिशवीतले आवडते-नावडते
(हिंगोली जिल्ह्यातील एक फेरी)



प्रवासवर्णन म्हटले की लेणी, धरणे, डोंगर यांचे वर्णन येते. आमच्या हिंगोली जिल्ह्यातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु या वेळी आम्ही निराळी फेरी केली. गाव कोणतेही असो, तेथे एक दुकान हमखास असते. त्याला मोठी पाटी नसते, काचेचे कपाट नसते, पण त्याच्या शाखा राज्यात पन्नास हजारांहून अधिक आहेत. ते म्हणजे सरकारमान्य रास्त भाव धान्य दुकान, आपल्या बोलीत रेशनचे दुकान. शहरात मोठमोठी किराणा दुकाने निघाली आणि तेथे काय चांगले मिळते याची चर्चा रंगते. मग आपल्या माता-भगिनी ज्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभ्या राहतात, तेथे मिळणाऱ्या जिनसांची चव कोण विचारणार? ती विचारावी म्हणून आम्ही चार रविवार एसटीने पाचही तालुके फिरलो.

एक योगायोग प्रथम सांगतो. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची शिधापत्रिका महाराष्ट्रात लागू झाली तीही त्याच दिवसापासून. म्हणजे आमचा जिल्हा आणि आमच्या कार्डाचा रंग एकाच वयाचे आहेत. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला, १ फेब्रुवारी २०१४ पासून तो आपल्या राज्यात अमलात आला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया असा तो हिशेब होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले.

सेनगाव-नर्सी : तांदळाची तक्रार

हिंगोलीहून सेनगावच्या बाजूला निघालो की कयाधू नदीचा शेजार लागतो. वाटेत संत नामदेवांचे नर्सी आहे. पावसाळ्यात या बाजूला नजर पोचेल तेथवर सोयाबीन दिसते. पूर्वी याच काळ्या रानात ज्वारी उभी असे, असे वयस्क माणसे सांगतात.

एका बौद्धवाड्यात विहाराच्या ओट्यावर महिला जमल्या होत्या. आवडते काय, असे विचारताच गहू, साखर, डाळ अशी नावे आली. नावडते काय म्हणताच सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "तांदूळ!" एक आजी म्हणाल्या, "दादा, भाताने पोट भरल्यासारखं वाटतं, पण दुपारी खुरपं धरलं की हात गळतात. भाकर पाहिजे."

ही तक्रार खोटी नाही. मराठवाड्याचे अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. ज्वारीचे धपाटे, कण्या, आंबील, खारोड्या, हीच आमची पक्वान्ने. कायद्याने भरड धान्याची तरतूद आहे, परंतु वर्षानुवर्षे पिशवीत पडतो तो गहू आणि तांदूळ. सरकारची मोठी खरेदीच त्या दोन धान्यांची आहे, म्हणून वाटपही त्यांचेच. दुसरीकडे सोयाबीनला रोख पैसा येतो म्हणून शेतकऱ्याने ज्वारी कमी केली. त्यामुळे गरिबाची भाकरी बाजारात महाग झाली आणि ज्याची त्याला सवय नाही तो भात मात्र फुकट आला. मग काय होते? गल्लीत गाडी येते, काट्यावर तांदूळ मोजून घेते आणि हातावर चार पैसे ठेवून जाते. त्या पैशात निम्मीसुद्धा ज्वारी येत नाही. नुकसान आपलेच होते आणि वर 'यांना धान्याची गरजच नाही' असे म्हणायला लोक मोकळे होतात.

तांदळाविषयी दुसरी तक्रार अशी की त्यात 'प्लास्टिकचे दाणे' येतात. पाण्यात टाकले की काही दाणे तरंगतात, रंगही जरा वेगळा दिसतो, म्हणून कित्येक घरांत ते निवडून उकिरड्यावर टाकतात. भगिनींनो, ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर त्याचे दाणे करतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते तांदळात मिसळतात. रक्त कमी असलेल्या बाया-लेकरांसाठी ही योजना आहे. ते दाणे फेकू नयेत, तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि पेज ओतून देऊ नये. ही माहिती दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली असती तर अफवेला जागा राहिली नसती.

औंढा-जवळा बाजार : शंभर रुपयांचा आनंद

औंढा नागनाथला भाविकांची गर्दी बारमाही. आम्ही मात्र तेथून जवळा बाजारच्या रस्त्याला लागलो. या भागात लोकांना सर्वांत जास्त आठवत होती ती 'आनंदाचा शिधा' ही पिशवी. २०२२ च्या दिवाळीत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असे चार जिन्नस १०० रुपयांत मिळाले. २०२३ साली गुढीपाडवा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त तीच पिशवी पुन्हा जाहीर झाली. त्या वर्षीच्या दिवाळीत मैदा आणि पोहेही आले.

जयंतीच्या नावाने सरकारी पिशवी निघाली याचे लोकांना अप्रूप वाटले. आवडत्या जिनसांत पहिला नंबर चणाडाळीचा. ती भिजवून वाटली की वडे, भरडली की पिठले, आंबाडीच्या भाजीत टाकली की चार माणसांची भाजी सहा माणसांना पुरते. दुसरा नंबर रव्याचा. जयंतीच्या सकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर घरोघरी सांजा झाला. नावडत्यांत पामतेल. थंडीत ते गोठते, त्याला आपल्या करडईच्या तेलाचा वास नाही. पण एक ताई म्हणाल्या, "वास नसला तरी पुऱ्या तळून निघाल्या ना!" तेही खरेच.

निराशा जिनसांची कमी आणि वेळेची अधिक होती. काही वाड्यांत जयंतीची पिशवी जयंती उलटल्यावर मिळाली. कुठे तेल आले तर साखर नाही, साखर आली तर रवा नाही. आणि २०२५ च्या दिवाळीत तर ती पिशवी आलीच नाही. यावर एका तरुणाने आम्हाला विचारले, "काका, मग तो आमचा हक्क होता की त्यांची खुशी?"

प्रश्न मोलाचा आहे. शिधा हा शब्दच पाहा. शिधा दिला जातो पाहुण्याला, भिक्षुकाला. देणारा थोर, घेणारा लहान. आपल्या आज्या-पणज्यांनी बलुत्याच्या नावाखाली शिळे तुकडे झेलले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले. ते केवळ स्वच्छतेसाठी सांगितले नव्हते, माणूसपणासाठी सांगितले होते. म्हणून महिन्याचे कायद्याचे धान्य आणि सणाची पिशवी यांतील फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पिशवी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने येते आणि निर्णयानेच थांबते. पाच किलो धान्य संसदेच्या कायद्याने आलेले आहे, ते कोणाच्या खुशीवर थांबवता येत नाही. पिशवीवर कोणाचे छायाचित्र आहे यापेक्षा आपले नाव कार्डावर आहे की नाही, हे आधी पाहावे.

वसमत : पिवळे हात, पुसलेले अंगठे

वसमत म्हणजे हळदीची पेठ. येथील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, घोळून चकचकीत करायची, या कामात आपल्या बायांचे हात दिवसभर पिवळे असतात. येथे एका बचत गटाने केलेली हळद आम्ही घरी आणली. तिचा रंग आणि वास पाहून बाजारची पुडी पुन्हा घ्यावीशी वाटली नाही. या फेरीतील आमची सर्वांत आवडती जिन्नस तीच, आणि ती रेशनची नव्हे! परंतु असा विचार मनात आला की बचत गटांना रास्त भाव दुकानांच्या परवान्यात प्राधान्य आहे. आपल्या महिलांनी दुकान चालवायला घेतले तर त्याच ओट्यावर गावची हळद, डाळ, शेवयाही मांडता येतील.

याच तालुक्यात सर्वांत कडू अनुभव ऐकला. एका वृद्ध मजूर बाईचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. जन्मभर कोयता आणि खुरपे धरून रेषा झिजल्या. तिला तीन हेलपाटे झाले. जिने हातांच्या रेषा शेतात ठेवल्या, तिलाच यंत्र विचारते की तू कोण! आधार किंवा अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. दुसऱ्या बोटाचा ठसा, मोबाईलवरील क्रमांक किंवा घरातील दुसऱ्या सदस्याचा ठसा असे मार्ग असतात. ते दुकानदाराने सांगितले पाहिजेत, आणि त्याने सांगितले नाही तर आपल्या पोरांनी सोबत जाऊन विचारले पाहिजेत.

कळमनुरी-बाळापूर : मिलोची आठवण

कळमनुरी आणि आखाडा बाळापूरकडे आदिवासी, बंजारा आणि बौद्ध वस्त्या जवळजवळ आहेत. येथे वयस्क मंडळींनी १९७२ च्या दुष्काळाची कथा काढली. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी आणि खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी. "नावडती म्हणाल तर मिलो," एक बाबा म्हणाले, "पण ती नसती तर मी तुमच्यापुढं बसलो नसतो." या एका वाक्याने आमच्या आवडी-नावडीचा सगळा तक्ता उलटला. चव ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे.

पण आज १९७२ साल नाही. आज चवीचा, पोषणाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार गरिबालाही आहे. याच भागात केशरी कार्डाची गोष्ट समजली. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते, त्यात हिंगोली होता. जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर देण्याचे ठरले, २०२४ मध्ये ते १७० झाले. पण ही योजना शेतकऱ्यांची. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्या केशरी कार्डवाल्या मजुराला यात जागा नव्हती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली झाला, तरी अजून कित्येकांच्या हाती कागद नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह का केला, याचे उत्तर रेशनच्या रांगेतही मिळते. जमीन असती तर भाकरी आपल्याच रानातली असती.

घरात काय करावे, गावात काय करावे

तांदूळ विकू नये. तो भिजवून उडदाच्या डाळीबरोबर वाटला तर धिरडी होतात, दळून ज्वारीच्या पिठात थोडा मिसळला तर भाकरी मऊ होते, उन्हाळ्यात पापड होतात. वैशाखी पौर्णिमेला सुजातेच्या खिरीचे स्मरण म्हणून विहारात खीरदान करतो, ती खीर घराघरांतून एकेक मूठ तांदूळ गोळा करून करावी.

गावात मात्र एवढ्यावर थांबू नये. कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते, ते तपासावे. यंत्रातून निघालेली पावती मागून घ्यावी. दक्षता समितीत कोण आहे हे ग्रामसभेत विचारावे. १९६७ हा तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की आता एकाच कार्डावर बाहेरगावी, परराज्यातही धान्य उचलता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात त्याची सुरुवात झाली. आणि प्रत्येक ग्रामसभेत एक ठराव हमखास मांडावा, तो असा की आमच्या ज्वारीच्या मुलुखाला रेशनवर ज्वारी द्या आणि ती येथल्याच शेतकऱ्याकडून खरेदी करा.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी तथागतांच्या सभेला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला उपदेश कळत नाही, हे त्या महाकारुणिकाने जाणले होते. आपल्या वस्तीत या महिन्यात कोणाची पिशवी रिकामी परत आली, याची विचारपूस येत्या रविवारच्या वंदनेनंतर प्रत्येक विहारात व्हावी, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!