जातिवंत

आपल्या शाळेची इमारत कशी उभी राहिली, निकाल कसे उंचावले, दात्यांनी कसे हात दिले, याविषयी या स्मरणिकेत इतरांनी लिहिले असेलच. आम्ही लिहिणार आहोत ते वसतिगृहामागील परसातल्या कोंबड्यांविषयी. विषय किरकोळ वाटेल; परंतु गेल्या वर्षी या परसात ज्या सहा नव्या कोंबड्या आल्या, त्यांनी नववीच्या इतिहासाच्या तासाला असे प्रश्न उभे केले, जे पाठ्यपुस्तकातून सहसा उभे राहत नाहीत.

मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाले. मिठागरांच्या आणि भातशेतीच्या कडेने उंच इमारती आल्या. तरीही राई, मुर्धे, उत्तन, डोंगरी, चेणे या जुन्या गावांत घरामागे खुराडे अजून दिसते. आपल्या परसातही एक कोंबडा आणि अकरा कोंबड्या होत्या, सर्व गावठी. जेवणघरातला उरलेला भात, तांदळाची कणी, भाजीची देठे आणि उत्तनहून आणलेल्या सुक्या जवळ्याची पूड, एवढ्यावर त्यांचे भागे. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते. अकरा कोंबड्यांच्या अंड्यांत वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या ताटात आठवड्याला एक अंडे पडणेही अशक्य होते. म्हणून ऱ्होड आयलंड रेड जातीच्या सहा तलंगा आणण्याचे ठरले. नीट निगा राखली तर ही कोंबडी वर्षाला दोनशेहून अधिक अंडी देते.

तलंगा आणायला आमच्याबरोबर नववीची चार मुले आली होती. विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले आणि आपुलकीने सल्ला दिला, “गुरुजी, या जातिवंत आहेत. आता ती गावठी काढून टाका. मिसळली तर जात बिघडेल.” त्याच महिन्यात या मुलांना शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीचा दाखला आणायला सांगितले होते. परतताना त्यांच्यापैकी एका मुलीने विचारले, “सर, कोंबडीची जात चांगली असते म्हणजे नेमके काय असते?”

प्रश्न कोंबडीचा होता आणि नव्हताही. म्हणून त्याचे उत्तर आम्ही घाईने दिले नाही; पुढचे काही तास त्यासाठीच खर्च केले.

कोंबडीची शुद्ध जात म्हणजे एवढेच की, त्या जातीच्या नरमादीपासून झालेली पिल्ले रंगाने, बांध्याने आणि गुणांनी आईबापांसारखी निघतील अशी बरीचशी खात्री. ही खात्री निसर्गाने दिलेली नसते. माणूस आपल्याला हवे ते गुण निवडतो, कुंपण घालतो आणि पिढ्यान्‌पिढ्या बाहेरची जोडी लागू देत नाही. तेव्हा ती तयार होते. ऱ्होड आयलंड रेडचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मलय, शांघाय, तांबूस लेगहॉर्न अशा निरनिराळ्या कोंबड्यांचा संकर करून ती घडवली. यांपैकी मलय आणि शांघाय जहाजांतून आशियातून गेलेल्या. हा संकर १९०४ साली तिकडच्या कुक्कुटपालकांच्या प्रमाणग्रंथात नोंदला गेला आणि त्या नोंदीपासून तो ‘शुद्ध’ ठरला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. शुद्धतेला आरंभाची तारीख असते आणि त्या तारखेच्या मागे सर्वत्र मिश्रणच असते.

याहून मौजेची गोष्ट या तलंगांच्या पायांत होती. त्यांचे पाय पिवळे. सर्व पाळीव कोंबड्या आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असे डार्विनने मांडले होते आणि मुख्यतः ते खरे आहे. परंतु पिवळ्या कातडीचा गुण त्या रानकोंबड्याचा नसून भारतातील राखी रानकोंबड्याकडून आला आहे, हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानांत आजही आरवतो. परदेशी म्हणून अधिक दाम देऊन आणलेली कोंबडी आपल्याच रानातल्या पूर्वजाची खूण पायांवर वागवीत आली होती.

मुलांना आम्ही येथे एक इशाराही दिला. कोंबड्यांच्या जातीवरून माणसांच्या जातींकडे उडी मारायची नाही. कोंबड्यांच्या जातींत माणसाने निवडून रुजवलेले खरे फरक असतात. माणसांच्या जातींत तसे काही नाही. तेथे आहे ते केवळ कुंपण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके येथेच दाखवले आहे: गटाबाहेर विवाहाला बंदी. पुढे १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी रक्तशुद्धीचा दावाही तपासून फेटाळला. भारतातील मानववंश एकमेकांत मिसळून गेल्यानंतर फार काळाने जातिव्यवस्था आली, हा त्यांचा मुद्दा. कोंबड्यांभोवतीच्या कुंपणातून निदान अंडी तरी वाढतात. माणसांभोवतीच्या कुंपणातून काय वाढले, हे मुलांना दाखल्यांच्या रांगेत उभे राहून ठाऊक झालेले आहे.

नव्या तलंगा आम्ही लगेच जुन्या कळपात सोडल्या नाहीत. टाकीपलीकडच्या पत्र्याच्या खोलीत त्या तीस दिवस वेगळ्या ठेवल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, दिसायला धडधाकट पक्ष्याबरोबरही येतो आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे करतो. बर्ड फ्लूने २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची काय दशा केली, हे आपल्या पिढीला आठवते. तेथे लाखो पक्षी नष्ट करावे लागले. त्यामुळे नियम ठरले: दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, भांडी वेगळी, परतताना हातपाय धुवायचे, लसीची तारीख वहीत लिहायची.

दुसऱ्याच दिवशी एका मुलाने विचारले, “सर, आपण त्यांना वाळीत टाकले का?” हा प्रश्न आमच्या शाळेतच विचारला जावा, याचा आम्हाला अभिमान वाटला. उत्तर तिघा-चौघांनी मिळून शोधले. या वेगळेपणाला कारण आहे आणि ते तपासता येते. तो बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला लागू आहे. उद्या आपलीच गावठी कोंबडी बाजारात जाऊन परत आली तर तिलाही लागू. आणि मुख्य म्हणजे तो संपण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली आहे. अस्पृश्यतेला यांतले काहीही नव्हते. ना तपासता येणारे कारण, ना सर्वांना सारखा नियम, ना शेवटची तारीख.

तीस दिवस संपल्यावर आठवडाभर मध्ये जाळी ठेवली, म्हणजे एकमेकींना पाहता येईल पण टोचता येणार नाही. मग एका संध्याकाळी दिवे लागल्यानंतर सहाही तलंगा एकदम जुन्या दांडीवर बसवल्या. एकटी नवी कोंबडी कधी सोडू नये. सगळा कळप तिच्यावर तुटून पडतो. दाण्याची भांडी एकाऐवजी तीन ठेवली आणि लपायला दोन डालगी उपडी टाकली. तरी चार-पाच दिवस टोचाटोची झालीच. कोंबड्यांत चोचीची उतरंड असते, हे थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. लहानपणी घरच्या कोंबड्यांकडे पाहत बसण्याच्या नादातून त्याला ते सापडले होते. आमच्या मुलांनीही कोण कोणाला टोचते याचा तक्ता केला. पहिल्या आठवड्यात सहाही नव्या तळाशी होत्या. महिन्याभरात त्यांतली एक तिसऱ्या स्थानी आली आणि जुन्यांतली एक थोराड कोंबडी खाली घसरली. उतरंड निसर्गातही आहे, असे सांगून विषमतेचे समर्थन करणारे भेटतात. त्यांनी हा तक्ता पाहावा. येथे जागा ज्याची त्याने मिळवायची आणि टिकवायची असते. आईची जागा लेकीला जन्माने मिळत नाही.

श्रावणात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नव्या कोंबड्या जवळजवळ रोज तपकिरी अंडे देत, पण एकही खुडूक होईना. अधिक अंड्यांसाठी निवड करताना माणसाने या जातीची अंडी उबवण्याची सवय बरीच कमी केली आहे. व्हाइट लेगहॉर्नमध्ये तर ती जवळजवळ उरलीच नाही. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून व्यापाराला ती नको असते. म्हणजे या जातिवंतांची पिल्ले हवी असतील, तर एकतर यंत्र हवे, नाहीतर गावठी कोंबडी. जिला काढून टाका असे आम्हाला सांगितले होते, तीच काबरी गावठी कोंबडी नऊ तपकिरी अंड्यांवर बसली. एकवीस दिवस ती दाण्यापाण्यापुरतीच उठे. सात पिल्ले निघाली. एक मुंगसाने नेले, सहा जगली. त्यांचा बाप आपला गावठी कोंबडा. पिल्ले कुणी तांबूस, कुणी काळसर, कुणी ठिपक्यांची झाली, आणि थोरल्या तांबड्यांना न मानवणाऱ्या मे महिन्याच्या उकाड्यात ती परसभर चरत राहिली.

नोंदवहीत ‘जात’ असा एक रकाना होता. या सहांसमोर काय लिहावे यावर वर्गात वाद झाला. शेवटी मुलांनी तो रकाना खोडून ‘आई’ आणि ‘बाप’ असे दोन रकाने पाडले आणि काबरीसाठी तिसरा, ‘उबवणारी’.

आता वहीसह हे काम नव्या नववीकडे गेले आहे. त्यांच्यासाठी एक सूचना. एकाच कळपात पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लागत राहिल्या की अंडी कमी उबतात आणि पिल्ले अशक्त निघतात. म्हणून दोन वर्षांनी कोंबडा बाहेरून आणावा लागतो. येत्या दिवाळीनंतर तो आणायचा आहे. पत्र्याची खोली झाडून, चुना मारून ठेवावी, आणि तीस दिवस मोजायला पहिल्याच दिवसापासून सुरुवात करावी.